जयवंतची अकरा मतं

माझ्या नवऱ्याला काय वाटतं हे मला पहिल्यांदा एका छापील अहवालातून कळलं. तेव्हा आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती.

मी उज्ज्वला तासगावकर. सांगलीत एका बेदाण्याच्या शीतगृहाची प्रयोगशाळा सांभाळते. शेतकऱ्यांचा माल येतो, मी त्याचा ओलावा मोजते, फवारणीच्या औषधांचे अंश तपासते आणि दाखला देते. ओलावा सोळा टक्क्यांच्या वर गेला की माल परत. समोरचा कितीही गयावया करो, मीटरचा आकडा बदलत नाही, आणि मला हे काम त्याचमुळे आवडतं.

जयवंतचा स्वभाव दुसऱ्या टोकाचा. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा, पण जीव सगळा सिनेमात. तोही मारामारी-नाचगाण्यांचा नव्हे. ज्यात एखादा माणूस पाऊण तास भिंतीकडे बघतो आणि मग विचारतो की ही भिंत खरी आहे का, तसला. अशा सिनेमांसाठी त्यानं चार टाळकी जमवून 'चर्चापट' नावाचं मंडळ काढलं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये सिनेमा, मग चहा, मग वाद. हे बावीस वर्षं चाललं.

पहिल्या वर्षी तो ते सगळं घरी घेऊन यायचा. मी ताटं वाढतेय आणि हा विचारतोय, "उज्ज्वला, माझा एकेक अवयव बदलत गेला आणि शेवटी जुनं काहीच उरलं नाही, तर मी तुझाच नवरा का?" मी म्हणायचे, आधी गॅसचा रेग्युलेटर बदल, मग बघू. तो हसायचा. पण एका रविवारी मैथिलीला, आमच्या मुलीला, एकशे तीन ताप होता, मी सकाळपासून पट्ट्या ठेवत होते, आणि हा पलंगाच्या कडेला बसून म्हणाला की एकाची वेदना दुसऱ्याला खरोखर कळते का, हा मोठाच प्रश्न आहे. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, हे तत्त्वज्ञान आजपासून या घरात आणायचं नाही. काय बोलायचं ते तिकडे बोलून ये.

त्यानं ऐकलं. एकदा ऐकलं ते कायमचं. मीही परत कधी विचारलं नाही.

चौदा महिन्यांपूर्वी त्याच्या मेंदूच्या देठात रक्ताची गुठळी अडकली. जीव वाचला, बाकी काही वाचलं नाही. हात, पाय, जीभ, पापण्यासुद्धा त्याच्या ताब्यात राहिल्या नाहीत. श्वास मशीनवर, अन्न नळीतून. पाच महिन्यांनी मिरजेच्या हॉस्पिटलातून त्याला घरी आणलं. हॉलमधला सोफा विकला, तिथे त्याचा पलंग आला. औषधं ड्रोन गच्चीवर टाकून जायचा, दिवसा एक नर्स यायची, बाकी सगळं माझ्यावर. दर दोन तासांनी घशाच्या नळीतला कफ ओढून काढायचा. ज्यानं हे केलं आहे त्याला सांगायला नको, आणि ज्यानं केलं नाही त्याला सांगून कळायचं नाही.

तो आत आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं.

ते मला कळलं डॉक्टर फरहाना मुजावरांकडून. चाळिशीच्या बाई, मिरजेच्याच, बोलायला साध्या. त्यांनी घरी येऊन जयवंतच्या डोक्याला एक टोपी लावली. जाळीची, आतून बारीक सेन्सर असलेली. समोर पडदा लावला आणि एक रहस्यपट दाखवला.

मी विचारलं, "सिनेमा कशाला? त्याला सरळ विचारा ना."

"विचारून पाहिलं, ताई. 'हो म्हणायचं असेल तर मनात बॅडमिंटन खेळा, नाही म्हणायचं असेल तर घरात फिरा', असं सांगतो आम्ही. मग मेंदूत कुठली जागा पेटते ते बघतो. पण त्यासाठी माणसाला ठरवून, ताकद लावून काहीतरी करावं लागतं. आणि या आजारात नेमकं तेच जमत नाही. सिनेमाला काही करावं लागत नाही. तो माणसाला ओढून नेतो."

मग त्यांनी मला समजावलं. थिएटरात शंभर माणसं सिनेमा बघत असली तर त्यांचे मेंदू बरोबरीनं चालतात. पडद्यावर मूल रस्त्याकडे धावलं की शंभरांच्या मेंदूतला तोच भाग तेव्हाच जागा होतो. म्हणून ज्याचं शरीर काहीच सांगत नाही, त्याचा मेंदूही जर त्या शंभरांबरोबर चढत-उतरत असेल, तर आत कोणीतरी बसून सिनेमा बघतंय. हे शास्त्रज्ञांना पुष्कळ वर्षांपासून ठाऊक होतं. जयवंत बघत होता. रहस्यपटात दाराची कडी हलली तेव्हा त्याच्या मेंदूची रेघ ताडकन वर गेली. मला एवढा आनंद झाला की मी डॉक्टरांसमोर रडले, आणि त्या गेल्यावर मला भीती वाटली. वर्षभर तो आत होता.

पुढचा भाग नवीन होता. एकच सिनेमा दोन माणसांनी दोन समजुतींनी पाहिला तर त्यांचे मेंदू वेगवेगळे चालतात. पडद्यावरची बाई खोटं बोलते आहे असं मला वाटत असेल आणि तुम्हाला ती खरी वाटत असेल, तर तिच्या प्रत्येक वाक्याला माझी रेघ एकीकडे जाते आणि तुमची दुसरीकडे. म्हणजे प्रेक्षकांचे दोन कळप पडतात. रुग्ण कुठल्या कळपाबरोबर चालतोय एवढं बघितलं की त्याला न विचारता त्याचं मत कळतं. याच कामासाठी मुद्दाम अकरा छोट्या फिल्म बनवल्या होत्या. प्रत्येक वीस मिनिटांची, प्रत्येकीत एकच प्रश्न. जगभरात लाखभर लोकांना त्या दाखवून त्यांची मतं घेतली होती. आपल्याकडे दोन वर्षांपूर्वी ही चाचणी कायद्यात बसली. तिला 'मनोमत' म्हणतात. जो बोलू शकत नाही, त्याच्या इच्छेचा तो पुरावा.

"पण प्रत्येकाच्या मेंदूची ठेवण वेगळी असते," मुजावर म्हणाल्या. "त्यामुळे आधी त्याच्याच मतांवर यंत्राची जुळवणी केली तर उत्तम. पूर्वी पाहिलेला सिनेमा आणि त्यावर त्यांचं नक्की मत काय होतं, हे माहीत हवं. बहुतेक घरांत असलं काही नसतं. लोक सांगतात, बाबांना गुळाची पोळी आवडायची."

मी म्हटलं, "आमच्याकडे चार रजिस्टरं आहेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं ते अजून आठवतं. एखाद्या शेतकऱ्याचा माल पहिल्या झटक्यात निर्यातीला पास झाल्यावर तो बघतो, तसं.

रजिस्टरं जयवंतच्या अक्षरात होती. तारीख, सिनेमा, त्यातला प्रश्न, आणि खाली कोणी होकाराची बाजू मांडली, कोणी नकाराची, कोणते मुद्दे. तीन दिवस रजा काढून मी ती वाचली. माझ्या नवऱ्याची बावीस वर्षांची मतं मी जेवणाच्या टेबलावर बसून पहिल्यांदा वाचत होते, आणि तो दहा फुटांवर पडून होता.

वाचून मला धक्का बसला. 'जयवंत: होकार. दिलेलं वचन पाळलंच पाहिजे. परिस्थिती बदलली ही पळवाट आहे.' 'जयवंत: नकार. दुसऱ्याच्या आधारावाचून ज्याला जगता येत नाही त्यानं जगण्याचा हट्ट धरू नये.' 'जयवंत: होकार. चूक कबूल केली म्हणून शिक्षा कमी होऊ नये.' गल्लीतल्या लंगड्या कुत्र्याला रोज चपाती घालणारा हा माणूस, आत एवढा कडक होता? मग वाटलं, मला कसं कळणार. मीच त्याचं तोंड बंद केलं होतं.

ही मतं जयवंत तासगावकर यांचीच आहेत, असं प्रतिज्ञापत्र लागत होतं. मी सही केली.

चाचणी तीन दिवस सकाळी घरीच झाली. मैथिली बंगळूरहून आली होती. ती तिथे आर्किटेक्ट आहे. पहिल्या दिवशी जुन्या सिनेमांचे तुकडे दाखवून जुळवणी, पुढचे दोन दिवस त्या अकरा फिल्म. मीही मागे खुर्ची टाकून बघितल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी जयवंतच्या आवडीचे सिनेमे त्याच्यासोबत बसून पाहिले, हे सांगायला लाज वाटते.

सातवी फिल्म अशी होती. एक माणूस खोल खड्ड्यात पडला आहे. वर काढायचा मार्ग नाही. रोज कोणीतरी दोरीनं भाकरी-पाणी सोडतं. त्याला आभाळाचा एक तुकडा दिसतो, ढग दिसतात, कधी पक्षी. एके दिवशी तो भाकरीला हात न लावता दोरी हलवतो आणि ती तशीच वर पाठवतो. प्रश्न असा की त्यानं जेवायला हवं होतं का. नवव्या फिल्ममध्ये एका बाईनं आजारी भावाला वचन दिलेलं असतं की तू आहेस तोवर मी गाव सोडणार नाही. तिला दूरच्या शहरात नोकरी लागते. ती बसमध्ये बसते. भाऊ खिडकीतून बस बघतो. तिचं चुकलं का?

आठ दिवसांनी अहवाल आला. मुजावरांनी तो टेबलावर ठेवला आणि सावकाश सांगितलं. सातव्या फिल्मला जयवंतचं मत: नकार, त्र्याण्णव टक्के खात्री. खड्ड्यातल्या माणसानं भाकरी परत पाठवली ते बरोबरच केलं.

"एक गोष्ट जरा वेगळी आहे," त्या म्हणाल्या. "जगभरच्या त्या लाखभर लोकांच्या नकाशाशी ताडलं तर यांचा कल बरोबर उलटा दिसतो. पण स्वतःच्या जुन्या मतांशी जुळवणी इतकी चोख आहे की शंका घ्यायला जागा नाही. अशी माणसं असतात. शंभरात दोन-तीन. डावखुरी असतात तशी. नियमाप्रमाणे वैयक्तिक जुळवणी असेल तर तीच धरायची."

मैथिली म्हणाली, "म्हणजे बाबांना..."

"मशीन नको आहे," मुजावर म्हणाल्या.

मैथिली माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले, पण माझं रडणं वेगळं होतं, हे मला तेव्हाच माहीत होतं. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या दुपारी मी नर्सवर सगळं सोपवून चार तास सलग झोपले. तिसऱ्या दिवशी मी नाशिककडे पिंपळगावला फोन केला. तिथे नवीन तपासणी केंद्राची प्रमुख म्हणून मला बोलावलं होतं आणि मी नाही म्हणून कळवलं होतं. जागा अजून रिकामी आहे का, असं विचारलं. आहे म्हणाले.

एकच गोष्ट सलत होती. नवव्या फिल्मवर जयवंतचं मत होतं की त्या बाईचं चुकलं. मी मनात म्हणाले, वा रे वा, स्वतः निघालास आणि मी मात्र वचनाला बांधलेली. नऊ महिने ज्याची नळी साफ केली त्याच्यावर मी मनातल्या मनात खवळले.

दोन वैद्यकीय समित्यांनी कागद पाहिले. मशीन बंद करायला शुक्रवार ठरला.

त्याआधीच्या रविवारी सकाळी कोळेकर मामा आले. लक्ष्मण कोळेकर, जुन्या टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवायचे, मंडळाचे पहिल्या दिवसापासूनचे सभासद. वय ऐंशीच्या पुढे. मैथिलीनं त्यांना फोनवर शुक्रवारचं सांगितलं होतं, रजिस्टरांचं नाही; आता ती बाजारात गेली होती. ते पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले आणि जयवंतचा हात हातात घेतला.

"सर, तुमच्यासंगं भांडायचं ऱ्हाऊनच गेलं की ओ," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "वैनी, खरं सांगू का? बावीस वर्सं सरांच्या समोर बसलो, पर त्येंचं सोताचं मत काय हाय, ते कुणालाच कळलं न्हाई."

"असं कसं? रजिस्टरात सगळं लिहिलंय की."

"त्ये व्हय? त्ये तर उलट बाजूचं."

माझ्या हातात चहाची कपबशी होती. ती मी खाली ठेवली. "कसली उलट बाजू?"

"आवो, आमचा नियमच हुता त्यो. पैल्या वर्साला लई भांडणं झाली. एका शिनेमात खुनी माणसाच्या सगळ्या आठवणी पुसल्या जात्यात, मग त्येला फाशी द्यावी का, आसं हुतं. शेटे वकील आन् घोरपडे मास्तर, दोघं हमरीतुमरीवर आले. वर्सभर बोलत न्हवते एकमेकासंगं. शेट्यांनी पोरीच्या लग्नाची पत्रिका सुदीक दिली न्हाई मास्तरांना. मंडळ मोडायची पाळी आली. मग सरांनी नियम केला. ज्येला जे पटतंय, त्येनं त्येच्या उलट बोलायचं. सोताचं मत मांडाय लागलं की माणसाला लागतं, वैनी. दुसऱ्याचं मांडताना लागत न्हाई, आन् दुसऱ्याला काय वाटत आसंल ते बी कळतं. तवापासनं एक भांडण झालं न्हाई बगा."

"आणि रजिस्टरात?"

"ज्येनं जी बाजू मांडली, ती. म्हंजी त्येला न पटलेली. रजिस्टर बी त्या नियमापासनंच सुरू झालं."

"जयवंतपण?"

"सरांनी तर एकदा बी नियम मोडला न्हाई. मी एकदा म्हणलं, सर, आज तरी खरं काय ते सांगा की. तर हसले. म्हणले, कोळेकर, खरं घरी सांगायचं असतं."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. बाहेर कोळेकर मामा जयवंतला कुठल्यातरी जुन्या रिळाची गोष्ट सांगत होते. आपण काय बोलून बसलो याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांच्या लेखी ती मंडळाची एक गंमत होती. निघताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "सरांनी ठरवलं आसंल तर बरोबरच आसंल," म्हणाले आणि काठी टेकत जिना उतरले.

आता हे मला एकटीला माहीत होतं.

यंत्राला मी उलटा तक्ता दिला होता. जिथे तो 'होकार' म्हणत होता तिथे खरं 'नकार' होतं. म्हणून जयवंत जगाच्या नकाशाशी उलटा दिसत होता. तो डावखुरा वगैरे काही नव्हता. खड्ड्यातल्या माणसानं भाकरी खावी, असं त्याचं मत होतं. त्याला आभाळाचा तुकडा हवा होता.

मी मुजावरांना फोन केला नाही. रविवार गेला. सोमवारी मी कामावर गेले, घरी आले, नळी साफ केली, त्याच्या तोंडाकडे न बघता. मैथिलीनं विचारलं, आई, तू अशी का? मी म्हटलं, थकलेय. हे लिहायला सोपं नाही, पण लिहिते. मी विसरले नव्हते, गोंधळले नव्हते, कोळेकर मामांचं वय झालंय असंही स्वतःला पटवत नव्हते. मला शुक्रवार हवा होता. मला झोप हवी होती, पिंपळगाव हवं होतं. शुक्रवारपर्यंत फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची मला बावीस वर्षांची सवय होती.

मंगळवारी सकाळी प्रयोगशाळेत कवठेमहांकाळच्या एका शेतकऱ्याचा माल होता. ओलावा सतरा पूर्णांक दोन. शेतकरी म्हणाला, "मॅडम, जरा बघा की. ढग येत्यात, परत वाळवायचा कुठं?" मी नेहमीचं वाक्य म्हटलं, मीटर सांगेल तेच मी लिहिणार. आणि दाखल्यावर 'तपासणाऱ्याची सही' अशा जागी माझा पेन थांबला. तीस वर्षांत मी एकही खोटा दाखला दिला नव्हता. बेदाण्याच्या बाबतीत.

त्या माणसाला थांबायला सांगून मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि मुजावरांना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं, ताई?"

"रविवारी सकाळी."

"आज मंगळवार आहे."

"हो."

त्या म्हणाल्या, मंडळातल्या आणखी दोघांचे फोन नंबर द्या, मला खात्री करावी लागेल. घोरपडे मास्तर हयात होते आणि दुसऱ्या एका बाई कोल्हापुरात होत्या. दोघांनीही तेच सांगितलं. हसत सांगितलं म्हणे. यंत्रातली चिन्हं उलटी करून सगळा हिशोब नव्यानं मांडायला सात मिनिटं लागली.

आता जयवंत जगाच्या नकाशात नीट बसला. अकराच्या अकरा मतं फिरली. सातवी फिल्म: होकार. माणसानं जेवायला हवं होतं. नववी फिल्म: बाईचं काही चुकलं नाही. या उत्तराची खात्री सगळ्यांत जास्त होती. शुक्रवार रद्द झाला.

मैथिलीला मी घरी येऊन सांगितलं. ती जागच्या जागी खाली बसली. "आई, आपण बाबांना..." एवढंच म्हणाली. मग तिनं विचारलं, "पण रविवारीच का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "मला तो मरायला हवा होता म्हणून."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठली, बाबांजवळ गेली, त्याच्या उशीची सुरकुती सारखी केली. संध्याकाळी म्हणाली, मी सहा महिने इथूनच काम करते, तू पिंपळगावला जा. बाबा तसं म्हणालेच आहेत.

"बाबा तसं म्हणालेले नाहीत. बाबा एका बसमधल्या बाईबद्दल म्हणाले."

"तेच ते."

"तेच नाही, मैथिली. ती बाई दोन दिवस गप्प बसली नव्हती."

नियमाप्रमाणे चाचणीची फेरतपासणी व्हायला हवी होती. शनिवारी सकाळी मुजावर स्वतः आल्या. टोपी लावली, सातवी फिल्म पुन्हा दाखवली. उत्तर तेच आलं. यंत्राच्या पडद्यावर जयवंतची हिरवी रेघ आणि हजारो अनोळखी लोकांची पांढरी रेघ जवळजवळ एकमेकींवर बसल्या होत्या. खड्ड्यातला माणूस भाकरी परत वर पाठवतो तिथे दोन्ही एकदम खाली गेल्या. त्याला वाईट वाटलं. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मैथिली चहा करायला आत गेली. मुजावर माझ्या शेजारी बसल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, तुम्हाला झोप लागत नाही असं मैथिली सांगत होती."

"लागत नाही."

"गेल्या महिन्यात एक बारावी फिल्म आली आहे. अजून चाचणीत धरलेली नाही. एका माणसाचं भलं ज्या गोष्टीत आहे ती त्याच्या जवळच्या बाईला कळते आणि ती काही दिवस लपवून ठेवते. मग सांगते. तिला माफ करावं का, असा प्रश्न आहे." त्यांनी जयवंतच्या डोक्याकडे बोट दाखवलं. "टोपी लावलेलीच आहे. वीस मिनिटांचं काम. अहवालात येणार नाही. फक्त तुम्हाला कळेल."

मी जयवंतकडे बघितलं. डोळे उघडे होते, छताकडे. मशीन श्वास आत ढकलत होतं, बाहेर सोडत होतं. हवी ती गोष्ट वीस मिनिटांवर होती. माफी असेल तर मी झोपले असते. नसेल तर निदान ते तरी कळलं असतं, आणि नक्की आकडा कळला की माझं मन शांत होतं, हे मला स्वतःबद्दल ठाऊक आहे.

पण या माणसानं बावीस वर्षं बाहेर दुसऱ्यांची मतं मांडली होती आणि स्वतःचं कोणालाही दिलं नव्हतं. त्याची अकरा मतं आम्ही त्याला न विचारता काढून घेतली. जीव वाचवायला ती लागली, त्याला इलाज नव्हता. बारावं माझ्या झोपेसाठी लागत होतं.

"नको," मी म्हटलं.

"नक्की?"

"त्यानं मला माफ केलं की नाही, ते त्याच्याकडेच राहू दे, डॉक्टर. ते चोरून बघायचं नाही मला."

मुजावरांनी मान हलवली. त्यांनी कॉम्प्युटर मिटला, वायरी गुंडाळल्या, मैथिलीनं आणलेला चहा उभ्यानंच प्यायल्या. टोपी काढायला त्या पुढे झाल्या तेव्हा मी म्हटलं, मी काढते. त्या आणि मैथिली बोलत बोलत जिन्याकडे गेल्या.

जाळीचे बंद हनुवटीखाली होते. ते सोडवून मी टोपी अलगद वर उचलली. कपाळावर सेन्सरचे बारीक गोल उमटले होते, ते अंगठ्यानं चोळले. टोपी डब्यात ठेवून झाकण लावलं, आणि यंत्राचा प्लग भिंतीतून काढला आहे ना, हे वाकून पाहिलं.

मग मी खुर्ची त्याच्या डोळ्यांसमोर येईल अशी ओढली आणि त्याला सगळं सांगितलं.